सोफी जर्मेन: मेणबत्तीच्या गोष्टीपलीकडचं गणित

एका पालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "फ्रेंच गणितज्ञ सोफी जर्मेनबद्दल सगळीकडे तीच गोष्ट वाचायला मिळते. रात्री चोरून अभ्यास केला, पुरुषाचं नाव घेतलं, गाउसने कौतुक केलं. पण तिचं गणित खरंच मोठं होतं का, की ती बाई होती म्हणून नाव टिकलं? मुलगी अकरावीत आहे, तिला सोफीच्या गणितावर प्रकल्प करायचा आहे. नेमकं काय बघावं?"

मी पदव्युत्तर वर्गांना संख्या सिद्धांत शिकवत आले आहे आणि दर वर्षी कुणी ना कुणी हा प्रश्न विचारतंच. आधी सरळ उत्तर देते. तिचं गणित खरंच मोठं होतं, आणि त्यातला जो भाग प्रसिद्ध आहे त्याहून मोठा भाग तिच्या हस्तलिखितांत पावणेदोनशे वर्षांच्या आसपास पडून होता. तिच्या कामात चुकाही आहेत. त्या लपवायचं कारण नाही, कारण चूक कुठे झाली हे पाहिलं की तिच्या वाट्याला काय आलं नाही ते स्पष्ट दिसतं. म्हणून या उत्तरात मी चरित्र भरभर सांगणार आहे आणि गणितापाशी थांबणार आहे.

जन्म १ एप्रिल १७७६, पॅरिस. वडील रेशमाचे व्यापारी. १७८९ मध्ये ते इस्टेट्स जनरल या फ्रान्सच्या प्रतिनिधी सभेवर तिसऱ्या वर्गाचे, म्हणजे सामान्य जनतेचे, प्रतिनिधी म्हणून निवडून गेले, म्हणजे घरात पैसा होता, राजकारण होतं आणि पुस्तकंही होती. त्याच वर्षी बास्तीयचा तुरुंग पडला आणि फ्रेंच राज्यक्रांती पेटली. बाहेर धामधूम चालू असताना तेरा वर्षांची सोफी वडिलांच्या ग्रंथसंग्रहात बसू लागली. माँत्युक्लाने लिहिलेल्या गणिताच्या इतिहासात तिने आर्किमिडीजच्या मृत्यूची हकिकत वाचली आणि ज्या विषयात माणूस जिवाचं भान विसरतो तो विषय आपण शिकायचाच, असं ठरवलं. आधी बेझूची पाठ्यपुस्तकं, मग स्वतःच लॅटिन शिकून न्यूटन आणि ऑयलर.

तिने रात्री अभ्यास करू नये म्हणून घरच्यांनी मेणबत्त्या काढून घेतल्या, शेगडी विझवली, तरी सकाळी ती टेबलावर झोपलेली आणि दौतीतली शाई गोठलेली, ही हकिकत तिचा मित्र लिब्री याने तिच्या मृत्यूनंतर लिहिलेल्या लेखातून आपल्याकडे आली. ती खोटी मानायचं मला कारण दिसत नाही. पण ती सांगताना एक गोष्ट सुटते. घरच्यांचा विरोध पुढे मावळला, वडिलांनी तिला आयुष्यभर आर्थिक आधार दिला. जे कधीच मिळालं नाही ते म्हणजे शिक्षक. तिच्या उताऱ्यावर लाल शाईने "ही पायरी सिद्ध कर" असं लिहिणारं कुणी नव्हतं. गणितात हे फार महाग पडतं.

१७९४ मध्ये पॅरिसमध्ये एकोल पॉलिटेक्निक ही अभियांत्रिकीची उच्च शाळा सुरू झाली. मुलींना प्रवेश नव्हता, पण व्याख्यानांच्या टिपणांच्या प्रती बाहेर मिळत. सोफीने त्या मिळवल्या आणि शाळा सोडून गेलेल्या ल ब्लां या विद्यार्थ्याच्या नावाने लाग्रांज या तिथल्या नामांकित गणिताच्या प्राध्यापकाकडे आपलं काम पाठवलं. लाग्रांजने खरा लेखक शोधून काढला आणि मनापासून कौतुक केलं. ओळखी वाढल्या, पत्रव्यवहार सुरू झाला. रीतसर शिक्षण मात्र त्यातून मिळालं नाही.

आता जर्मन गणितज्ञ गाउस. १८०१ मध्ये त्याचा संख्या सिद्धांतावरचा मोठा ग्रंथ आला. तो पचवणारी माणसं त्या काळी युरोपात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. सोफीने तो अक्षरशः पिंजून काढला आणि नोव्हेंबर १८०४ मध्ये पुन्हा ल ब्लां याच नावाने गाउसला पत्र लिहिलं. १८०६ मध्ये येनाच्या लढाईनंतर फ्रेंच सैन्य गाउसच्या ब्रुन्सविक शहरात शिरलं, तेव्हा तिने ओळखीच्या जनरल पेर्नेतीला गाउसची काळजी घ्यायला सांगितलं. पेर्नेतीचा अधिकारी गाउसकडे पोचला आणि त्याने मादमोआझेल जर्मेनचं नाव घेतलं, तर गाउसला हे नाव माहीतच नव्हतं. मग फेब्रुवारी १८०७ मध्ये तिने खरं नाव सांगितलं. ३० एप्रिलच्या उत्तरात गाउसने लिहिलं की आपल्या रूढी आणि पूर्वग्रहांमुळे बाईला या काटेरी विषयात पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त अडचणी येतात, आणि तरीही जी त्या ओलांडून सर्वांत अवघड भागापर्यंत जाते तिच्याकडे असामान्य धैर्य आणि प्रतिभा असलीच पाहिजे.

हे वाक्य सगळे उद्धृत करतात. त्याच पत्रातला पुढचा भाग फारसा कुणी वाचत नाही, आणि मला तोच जास्त मोलाचा वाटतो. सोफीने एक दावा केला होता: दोन संख्यांच्या न व्या घातांची बेरीज "एक वर्ग अधिक न गुणिले दुसरा वर्ग" अशा रूपात मांडता येत असेल, तर त्या दोन संख्यांची साधी बेरीजही त्याच रूपात मांडता येते. गाउसने प्रतिउदाहरण दिलं. १५ आणि ८ घ्या, न म्हणजे ११. दोघांच्या अकराव्या घातांची बेरीज ८६,५८,३४,५७,९३,९६७ येते, आणि ती बरोबर १५,९५,८२६ चा वर्ग अधिक ११ गुणिले ७,४५,३९१ चा वर्ग इतकी आहे. पण १५ अधिक ८ म्हणजे २३, आणि २३ त्या रूपात बसत नाही: २३ स्वतः वर्ग नाही, आणि त्यातून ११ वजा केले तर उरलेले १२ हाही वर्ग नाही. हातात पेन आणि कागद एवढ्यावर गाउसने हे शोधलं. विद्यार्थ्यांनी कॅल्क्युलेटर घेऊन ते पडताळावं, बेरीज शेवटच्या अंकापर्यंत जुळते.

असं पत्र येणं म्हणजे कुणीतरी आपल्याला पूर्ण गांभीर्याने घेणं. सोफीच्या आयुष्यात असे प्रसंग फार थोडे आले. पुढे गाउस ग्योटिंगेनला खगोलशास्त्राचा प्राध्यापक झाला, १८०८ च्या सुरुवातीनंतर त्याच्याकडून उत्तरं येणं थांबलं, आणि तिच्या सिद्धता तपासणारी सर्वांत तीक्ष्ण नजर दूर गेली.

आता मुख्य काम, फर्माचं शेवटचं प्रमेय. विधान साधं आहे: घात २ पेक्षा मोठा असेल तर क्ष आणि य यांच्या त्या घातांची बेरीज झ च्या त्याच घाताइतकी कधीच होत नाही, तिन्ही शून्येतर पूर्णांक असताना. घात ४ साठी फर्माची स्वतःची सिद्धता होती, घात ३ वर ऑयलरने काम केलं होतं. घात ४ हातावेगळा झाल्यावर फक्त विषम मूळ संख्यांचे घात पाहिले तरी पुरतं. पण प्रत्येक घातासाठी नवी युक्ती शोधायची, तर मूळ संख्या अनंत आहेत. सगळ्या घातांना एकदम लागू पडेल अशी योजना घेऊन या प्रश्नाला हात घालणारी पहिली व्यक्ती सोफी जर्मेन. तिचं मोठेपण मी सर्वांत आधी इथे मोजते.

योजना बाक्यांवर उभी आहे. घात ५ घेऊन पाहू. कुठल्याही संख्येचा पाचवा घात घ्या आणि ११ ने भागा. २ चा पाचवा घात ३२, बाकी १०. ३ चा पाचवा घात २४३, बाकी १. कितीही संख्या घेऊन पाहा, बाकी ०, १ किंवा १० यांपैकीच येते, आणि १० म्हणजे ११ च्या हिशेबात उणे १. आता समजा क्ष, य, झ या तिघांपैकी एकालाही ११ ने भाग जात नाही. मग डाव्या बाजूला अधिक-उणे १ च्या बेरजेतून ०, २ किंवा उणे २ येणार आणि उजव्या बाजूला अधिक किंवा उणे १. जुळणं शक्य नाही. म्हणजे समीकरणाची उकल असेलच, तर तिघांपैकी एका संख्येला ११ ने भाग गेलाच पाहिजे.

आता ११ च्या जागी ४१ घ्या. पाचव्या घातांच्या शून्येतर बाक्या आठच आहेत: १, ३, ९, १४, २७, ३२, ३८, ४०. या यादीत एकमेकींना लागून असलेल्या दोन संख्या नाहीत, आणि तेवढं पुरेसं आहे. कारण दोन शून्येतर पाचव्या घातांची बेरीज तिसऱ्या पाचव्या घाताइतकी झाली, तर बाक्यांच्या हिशेबात सगळ्याला एका पदाने भागून १ ने फरक असलेले दोन पाचवे घात मिळतात, आणि तसे इथे नाहीत. म्हणून तिघांपैकी एकाला ४१ नेही भाग जायला हवा. ७१ घ्या, १०१ घ्या, तेच होतं. या प्रत्येक सहायक मूळ संख्येगणिक संभाव्य उकल मोठी, आणखी मोठी होत जाते.

आणि इथे तिचा बेत: एका घातासाठी अशा सहायक मूळ संख्या अनंत आहेत हे सिद्ध करायचं. मग क्ष, य, झ यांच्या गुणाकाराला अनंत मूळ संख्यांनी भाग जावा लागेल, आणि शून्येतर पूर्णांकाच्या बाबतीत ते अशक्य. प्रमेय सिद्ध. १२ मे १८१९ रोजी तिने गाउसला लिहिलेल्या लांबलचक पत्रात हा बेत मांडला आहे. कंप पावणाऱ्या पृष्ठभागांवर (त्याबद्दल पुढे येईलच) काम करत असतानाही संख्या सिद्धांताचा विचार कधी सुटला नाही, असं ती त्यात सांगते.

बेत तडीस गेला नाही. का, ते घात ३ वर एका मिनिटात दिसतं. ७ ने भागल्यास घनांच्या शून्येतर बाक्या १ आणि ६, ठीक. १३ ने भागल्यास १, ५, ८, १२, तेही ठीक. १९ ने भागल्यास १, ७, ८, ११, १२, १८. यात ७ आणि ८ शेजारी आले, ११ आणि १२ सुद्धा. त्यापुढे एकही मूळ संख्या चालत नाही. घात ३ साठी फक्त ७ आणि १३ चालतात हे खुद्द सोफीनेच सिद्ध करून फ्रेंच गणितज्ञ लजांद्रला पत्राने कळवलं. आपल्या सर्वांत लाडक्या योजनेला पडलेली भेग तिने स्वतः शोधली आणि कागदावर मांडली. पुढे १९०९ मध्ये डिकसनने दाखवलं की कुठल्याही घातासाठी अशा संख्या मर्यादितच असतात.

या योजनेतून जे तावून सुलाखून टिकलं ते म्हणजे आज सोफी जर्मेनच्या नावाने ओळखलं जाणारं प्रमेय. घात प ही विषम मूळ संख्या. तिच्यासाठी एखादी सहायक मूळ संख्या अशी सापडली की प व्या घातांच्या शून्येतर बाक्यांत लगतची जोडी नाही, आणि खुद्द प ही त्या बाक्यांमध्ये नाही, तर फर्माच्या समीकरणाच्या कुठल्याही उकलीत क्ष, य, झ पैकी एकाला प ने भाग गेलाच पाहिजे. खरं तर प च्या वर्गाने. तेव्हापासून फर्माच्या प्रमेयाचे दोन प्रकार पाडायची रीत पडली: तिघांपैकी कुणालाच प ने भाग जात नाही तो पहिला, एकाला जातो तो दुसरा. पहिला प्रकार अशक्य आहे हे दाखवायचं हत्यार तिने दिलं. गेल्या दीड-दोनशे वर्षांतली या विषयावरची पुस्तकं उघडा, अभ्यासाची मांडणी याच दोन प्रकारांनी झालेली दिसेल.

लोकप्रिय लेखांत हे प्रमेय फार बारीक करून सांगतात: प मूळ असेल आणि २प+१ सुद्धा मूळ असेल तर पहिला प्रकार अशक्य. ५ आणि ११ ची जोडी वर पाहिलीच. हे खरं आहे, सुंदर आहे, पण एवढ्यानेच तिचं काम मोजलं तर अन्याय होतो. १०० च्या आत विषम मूळ संख्या २४ आहेत. त्यांपैकी ही अट पाळणाऱ्या फक्त नऊ: ३, ५, ११, २३, २९, ४१, ५३, ८३, ८९. उरलेल्या पंधरांसाठी ४प+१, ८प+१, १०प+१ अशा सहायक संख्या शोधाव्या लागतात आणि प्रत्येक वेळी दोन्ही अटी तपासाव्या लागतात. ते काम तिने १०० पर्यंतच्या सगळ्या घातांसाठी पुरं केलं. लजांद्रने ते १९७ च्या आधीपर्यंत नेलं.

जगाला हे कळलं ते लजांद्रच्या १८२३ मधल्या निबंधातून. तिथे एका तळटीपेत त्याने या प्रमेयाचं श्रेय सोफीला दिलं. बाकी मजकूर त्याच्या नावाने, म्हणून बाकी सगळं त्याचं असंच लोक समजत राहिले. तिची हस्तलिखितं पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि लिब्रीच्या संग्रहामार्फत फ्लॉरेन्सच्या मोरेनियाना ग्रंथालयात जाऊन पडली. ती नीट वाचली गेली ती आपल्या काळात. लाउबेनबाखर आणि पेंगेली या दोन गणितज्ञांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवलं की सगळ्या घातांवर एकदम जाण्याची योजना, तिच्यासाठी घडवलेलं तंत्र, अटी तपासण्याची पद्धत हे सगळं तिच्या कागदांत स्वतंत्रपणे आहे. डेल चेंतिना या इटालियन संशोधकानेही त्याच सुमारास हे कागद तपासले. अभ्यासक्रमातली जुनी पुस्तकं मात्र अजून तळटीपेवरच थांबलेली आहेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एक गैरसमज इथेच दूर करते. "सोफी जर्मेनने घात ५ साठी फर्माचं प्रमेय सिद्ध केलं" असं अनेक ठिकाणी छापलेलं असतं. तसं नाही. घात ५ ची पूर्ण सिद्धता १८२५ च्या सुमारास डिरिश्ले आणि लजांद्र यांच्या कामातून आली. पहिला प्रकार सोफीच्या प्रमेयाने आधीच निकालात निघाला होता, त्यांना दुसऱ्यावर झुंजायचं होतं. मुलीच्या प्रकल्पात हे वाक्य बरोबर जायला हवं.

आणि हे हत्यार जुनं होऊन पडलं नाही. १९८५ मध्ये ॲडलमन, हीथ-ब्राऊन आणि फूव्री यांनी पहिला प्रकार अनंत मूळ घातांसाठी अशक्य असल्याचं सिद्ध केलं, तेव्हा त्यांनी सोफीच्याच निकषाचं विस्तारित रूप वापरलं. तोवर फर्माच्या प्रमेयाची वाइल्स यांची संपूर्ण सिद्धता यायला जवळजवळ दशक बाकी होतं.

दुसरं मोठं काम भौतिकशास्त्राच्या हद्दीतलं. क्लाड्नी नावाचा जर्मन संशोधक काचेच्या किंवा धातूच्या पातळ पत्र्यावर बारीक वाळू पसरायचा आणि पत्र्याच्या कडेवर व्हायोलिनचा गज ओढायचा. पत्रा कंप पावतो, वाळू उडते आणि जिथे पत्रा हलत नाही त्या रेषांवर जाऊन बसते. चांदण्या, जाळ्या, वलयं, प्रत्येक स्वराची आकृती निराळी. १८०८ नंतर पॅरिसमध्ये, खुद्द नेपोलियनसमोर, हे प्रयोग झाले आणि फ्रान्सच्या इन्स्टिट्यूटने बक्षीस जाहीर केलं: या कंपनांचं गणित मांडा. आत्ताचं गणित याला पुरं पडणार नाही, असं लाग्रांजचं मत पसरलं आणि बहुतेक सगळे मागे हटले. १८११ च्या मुदतीत एकच निबंध आला, सोफीचा.

तिची मूळ कल्पना अशी: पृष्ठभाग वाकवला की त्याच्या प्रत्येक बिंदूपाशी दोन मुख्य वक्रता असतात, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी. पत्रा पूर्ववत होण्यासाठी जो जोर लावतो तो या दोन वक्रतांच्या बेरजेवर अवलंबून असतो. कल्पना उत्तम, पण तिथून समीकरणापर्यंतचा प्रवास चुकला. कॅल्क्युलस ऑफ व्हेरिएशन्स, म्हणजे ऊर्जेसारखी राशी कमीत कमी कोणत्या आकारात होते हे शोधायचं तंत्र, तिला कुणी शिकवलं नव्हतं, ती पुस्तकांतून चाचपडत शिकत होती. परीक्षकांपैकी लाग्रांजने तिचंच गृहीतक घेऊन बरोबर समीकरण काढलं. मुदत वाढली. १८१३ मध्ये तिला सन्माननीय उल्लेख मिळाला. तिसऱ्या खेपेला, जानेवारी १८१६ मध्ये, बक्षीस मिळालं, तेही परीक्षकांनी सिद्धतेबद्दल आक्षेप नोंदवूनच. ती समारंभाला गेली नाही. मधल्या काळात फ्रेंच गणितज्ञ प्वासाँने त्याच विषयावर स्वतःचा निबंध प्रसिद्ध केला होता, आणि तिच्या प्रश्नांना तो कधी मोकळेपणाने सामोरा गेला नाही. १८२१ मध्ये तिने आपलं काम स्वखर्चाने छापलं.

तिचं गृहीतक चूक होतं की बरोबर, यावर विद्यार्थी गोंधळतात, म्हणून सांगते. आजच्या सिद्धांतात पातळ पत्रा वाकवायला लागणाऱ्या ऊर्जेत दोन भाग असतात. एक वक्रतांच्या बेरजेच्या वर्गाचा, दुसरा वक्रतांच्या गुणाकाराचा. सोफीने फक्त पहिला धरला. पण दुसऱ्या भागाचा पत्र्याच्या आतल्या समीकरणावर काहीच परिणाम होत नाही, तो फक्त कडेवरच्या अटींत दिसतो. म्हणून आतलं समीकरण तिच्या कल्पनेतून अगदी बरोबर निघतं, आणि कडांच्या अटी मात्र चुकतात. त्या १८५० मध्ये किरखॉफने सरळ केल्या. पत्र्याच्या त्या समीकरणाला अभियंते आजही जर्मेन आणि लाग्रांज यांच्या जोडनावाने ओळखतात.

दोन वक्रतांची सरासरी, म्हणजे मध्य वक्रता, ही राशी तिने १८३१ मध्ये क्रेलेच्या गणितविषयक नियतकालिकातल्या लेखात ठळकपणे मांडली. आज भूमितीत तिच्याशिवाय पान हलत नाही. साबणाच्या पटलांचा अभ्यास मध्य वक्रतेवर चालतो. १९७३ मध्ये हेलफ्रिश यांनी पेशींच्या आवरणाच्या ऊर्जेचं सूत्र मांडलं, ज्यावरून तांबड्या रक्तपेशीचा मध्ये दबलेला आकार समजावता येतो, त्याच्या गाभ्यातही मध्य वक्रतेचा वर्गच आहे. सोफीच्या पत्र्यापासून रक्तपेशीपर्यंतची ही वाट मला फार भावते.

शेवटची वर्षं. गणितज्ञ फूरिए फ्रान्सच्या विज्ञान अकादमीचा कायम सचिव झाल्यावर त्याच्या प्रयत्नाने तिला अकादमीच्या सभांना बसायची मुभा मिळाली. सभासदाची पत्नी म्हणून नव्हे, स्वतःच्या कामाच्या जोरावर बसणारी ती पहिली स्त्री. १८२९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं. त्या दुखण्यातही ती लिहीत राहिली, वक्रतेवरचा तो लेख त्याच काळातला. २७ जून १८३१ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी, ती गेली. मृत्यूच्या दाखल्यावर व्यवसायाच्या जागी "व्याजावर उपजीविका करणारी" अशा अर्थाची नोंद झाली. १८८९ मध्ये आयफेल टॉवरवर ७२ शास्त्रज्ञ आणि अभियंत्यांची नावं कोरली. लाग्रांज, लजांद्र, प्वासाँ, फूरिए, नाव्हिए सगळे आहेत. सोफीने भर घातलेल्या स्थितिस्थापकतेच्या (वस्तू वाकून पूर्ववत होण्याच्या) सिद्धांताशिवाय ज्याची उभारणी झाली नसती त्या टॉवरवर तेव्हा एकाही बाईचं नाव नव्हतं.

वारशाचं आणखी एक टोक आपल्या देशात आहे. ज्या मूळ संख्येची दुप्पट अधिक १ सुद्धा मूळ असते तिला सोफी जर्मेन मूळ संख्या म्हणतात. अशा संख्या अनंत आहेत असा सगळ्यांचा कयास आहे, सिद्धता कुणाकडेच नाही. २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी एखादी संख्या मूळ आहे की नाही हे खात्रीने आणि बहुपदी वेळात, म्हणजे संख्येतले अंक वाढले तरी वेळ आटोक्यात राहील असं, ठरवणारी पद्धत दिली, तेव्हा त्यांच्या विश्लेषणात या संख्या आल्या. सोफी जर्मेन मूळ संख्या अपेक्षेइतक्या दाट असतील, तर त्यांच्या पद्धतीला लागणाऱ्या वेळाच्या अंदाजातला अंकसंख्येचा घात साडेदहावरून सहावर येतो. शिवाय जोडीतल्या मोठ्या मूळ संख्येला सुरक्षित मूळ संख्या म्हणतात, आणि इंटरनेटवर गुप्त किल्ली ठरवण्याच्या डिफी-हेलमन पद्धतीत अशाच संख्या वापरायची जुनी प्रथा आहे.

मुलीने ऑलिंपियाडची तयारी केली असेल तर तिला सोफीच्या नावाचं अवयव पाडायचं सूत्रही भेटलं असेल, चौथ्या घाताचं. ५ चा चौथा घात अधिक ४ म्हणजे ६२९, आणि ते १७ गुणिले ३७. छान सूत्र आहे, पण प्रकल्प त्यावर करू नये. तिच्या खऱ्या कामापुढे ते फार छोटं आहे.

प्रकल्पासाठी मी सांगेन ते असं. घात ७ घ्या. २ गुणिले ७ अधिक १ म्हणजे १५, मूळ नाही, म्हणून सोपी वाट बंद. ४ गुणिले ७ अधिक १ म्हणजे २९, मूळ आहे. १ ते २८ पर्यंतच्या संख्यांचे सातवे घात घेऊन २९ ने भागायचं. बाक्या फक्त चार येतील: १, १२, १७, २८. लगतची जोडी नाही. ७ ही यादीत नाही. म्हणजे घात ७ साठी पहिला प्रकार अशक्य, आणि हे अकरावीतल्या मुलीने स्वतःच्या वहीत दाखवलेलं असेल. मग घात १३ आणि सहायक संख्या ५३ घेऊन तेच करायचं, या वेळी उत्तर मी सांगत नाही. त्यानंतर घात ३ आणि १९ वर येऊन योजना कुठे अडते ते पाहायचं, आणि दोन्ही याद्या शेजारी शेजारी मांडायच्या. एवढं हाताने करायला दोन-तीन संध्याकाळी लागतील. संगणकावर सगळं काही ओळींत होतं, पण आधी हातानेच करू द्या. सोफीने १०० पर्यंतच्या घातांसाठी हे हातानेच केलं होतं.